फॉरमॅट मारण्याआधी: विंडोजची रजिस्ट्री बिघडली तर घरच्या घरी काय करायचं

दुकानदाराने कॉम्प्युटरकडे नीट न बघताच "फॉरमॅट मारावा लागेल" असं सांगितलं असेल, तर मशीन उचला आणि घरी परत आणा. फॉरमॅट कधीही मारता येतो, तो कुठे पळून जात नाही. पण एकदा मारला की मुलांचे फोटो, थेसिस, सोसायटीचे हिशोब, सगळं त्याबरोबर जातं. आणि बिघाड रजिस्ट्रीचा असेल तर तो साधारण पाच-सहा फायलींपुरता असतो. बाकीची हार्ड डिस्क बहुतेक वेळा जशीच्या तशी असते.

नातेवाइकांना फोनवरून जे सांगत असतो तेच इथे लिहितोय. म्हणून बटणांची आणि मेनूंची इंग्रजी नावं कानाला ऐकू येतात तशी दिली आहेत. जिथे काही टाइप करायचं आहे तिथे एकेक अक्षर फोडून सांगितलं आहे, ते इंग्रजीतच टाइप करायचं. सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

रजिस्ट्री म्हणजे नक्की काय

तलाठ्याचं दप्तर आठवा. जमीन जागच्या जागीच असते, पण कुठला गट कोणाचा, वाट कुठून, विहिरीत वाटा किती, हे दप्तरात असतं. दप्तराला वाळवी लागली म्हणून जमीन नाहीशी होत नाही, पण व्यवहार ठप्प होतात. विंडोजचं तसंच आहे. कुठला ड्रायव्हर (म्हणजे कॉम्प्युटरचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) कधी सुरू करायचा, कुठलं सॉफ्टवेअर कुठे बसवलंय, कोणाचा पासवर्ड काय, या सगळ्या नोंदी रजिस्ट्रीत असतात. पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅमची आपापली 'आयएनआय' फाइल असायची. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री छोट्या रूपात आली आणि विंडोज ९५ पासून सगळा कारभार तिच्याकडे गेला.

हे दप्तर डिस्कवर ठेवलेलं असतं ते 'विंडोज' फोल्डरमधल्या 'सिस्टिम३२'मधल्या 'कॉन्फिग' या फोल्डरात. तिथे पाच फायली महत्त्वाच्या: सिस्टिम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी आणि डिफॉल्ट. त्यांना एक्स्टेन्शन नसतं, नुसती नावं. अशा प्रत्येक फायलीला 'हाइव्ह' म्हणतात. याशिवाय प्रत्येक वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात 'एनटीयूझर.डॅट' नावाची एक वेगळी हाइव्ह असते. कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर संशय 'सिस्टिम' किंवा 'सॉफ्टवेअर'वर घ्यायचा. सुरू होतो पण तुमच्या नावाने आत जाता येत नाही, तर 'एनटीयूझर'वर.

लाइट गेली म्हणून रजिस्ट्री उडाली, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धवट खरं आहे. विंडोज रजिस्ट्रीतला बदल आधी शेजारच्या लॉग फायलींमध्ये उतरवतं आणि मग मूळ हाइव्हमध्ये. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी सुरू होताना लॉग वाचून राहिलेलं काम पुरं करतं. त्यामुळे एकदा लाइट गेल्याने सहसा काही होत नाही. रजिस्ट्री खरोखर बिघडली असेल तर मला आधी संशय येतो तो म्हाताऱ्या झालेल्या हार्ड डिस्कचा किंवा खराब रॅमचा. हे डोक्यात ठेवा, कारण खालच्या पायऱ्यांचा क्रम त्यावरच ठरवला आहे.

बिघाड रजिस्ट्रीचाच आहे कशावरून?

निळ्या पडद्यावर 'बॅड सिस्टिम कॉन्फिग इन्फो' किंवा 'रजिस्ट्री एरर' असे शब्द दिसले, किंवा एरर कोडच्या शेवटी १४सी वा २१८ असेल, तर दिशा बरोबर आहे. मोबाइलने फोटो काढून ठेवा, नंतर उपयोगी पडतो.

काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' असं आलं तर रजिस्ट्रीपर्यंत गाडी पोचलीच नाही. डिस्क सापडत नाहीये, केबल बघा. पंखा फिरतोय पण पडद्यावर काहीच नाही, तर बहुधा रॅम किंवा डिस्प्ले. आणि "वी कान्ट साइन इन टु युअर अकाउंट" असं येऊन रिकामा डेस्कटॉप उघडला, तर ते वेगळंच प्रकरण आहे. त्याचा उपाय सोपा आहे आणि तो शेवटाकडे सांगितला आहे.

आधी जमवाजमव

एक रिकामी पेन ड्राइव्ह, किमान ८ जीबीची. शिवाय फोटो-फायली मावतील एवढी एक्स्टर्नल हार्ड डिस्क. आणि तासाभरासाठी शेजाऱ्याचा किंवा मित्राचा चालू विंडोज कॉम्प्युटर. त्यावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवायचं आणि त्याने पेन ड्राइव्ह बनवायची. काही जीबी डेटा खर्च होतो, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विसंबू नका. पेन ड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जातं. हे टूल फक्त मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या. सर्च केल्यावर वर येणाऱ्या "रजिस्ट्री रिपेअर फ्री"च्या जाहिरातींना हातसुद्धा लावू नका.

अजून एक गोष्ट लागू शकते आणि ती बऱ्याच जणांना माहीतच नसते: बिटलॉकरची रिकव्हरी की. अलीकडच्या कित्येक लॅपटॉपवर विंडोजच्या बिटलॉकरने डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेली असते. दुरुस्तीच्या पडद्यावर गेलात की ती ४८ आकडे मागते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप सुरू केला असेल तर ही की सहसा त्या अकाउंटमध्येच जमा असते. मोबाइलवरून लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये आपला लॅपटॉप शोधा आणि तिथून उतरवून घ्या. पडद्यावर 'की आयडी' दिसतो, तो जुळवून बघा, नाहीतर जुन्या लॅपटॉपची की टाकत बसाल. की सापडली नाही तर त्या डिस्कवरचा मजकूर कुठलाही दुकानदार काढून देऊ शकत नाही. देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

दुरुस्तीच्या पडद्यापर्यंत

पेन ड्राइव्ह लावायच्या आधी एक सोपा प्रयत्न करा. कॉम्प्युटर चालू करा. विंडोजचे ठिपके गोल फिरू लागले की पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरून बंद करा. असं दोनदा करा. तिसऱ्यांदा चालू केल्यावर 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' असं येतं आणि विंडोज स्वतःच एकदा दुरुस्ती करून बघतं. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' असं बटण दिसतं. ते दाबा, मग 'ट्रबलशूट', मग पुन्हा 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. आपलं सगळं काम आता याच पडद्यावर होणार आहे.

हा पडदा येतच नसेल तर पेन ड्राइव्ह लावून चालू करा आणि बूट मेनूचं बटण टपटप दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. बाकीच्यांवर सुरुवातीला पडद्याच्या तळाशी लिहिलेलं असतं. भाषेच्या पडद्यानंतर मोठं 'इन्स्टॉल'चं बटण दिसेल, ते दाबू नका. 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' किंवा तशाच अर्थाचा छोटा पर्याय शोधा.

पहिली पायरी: फोटो बाहेर काढा

दुरुस्तीच्या आधी हे करायचं. कितीही घाई असली तरी. डिस्क आजारी असेल तर दुरुस्तीच्या धावपळीतच ती शेवटचे आचके देते.

एक्स्टर्नल डिस्क जोडा. त्या पडद्यावरून 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा. काळी खिडकी येईल. अकाउंट निवडून पासवर्ड मागितला तर द्या. आता टाइप करा: एन-ओ-टी-ई-पी-ए-डी आणि एंटर. हो, आपलं साधं नोटपॅड. त्यात 'फाइल' आणि मग 'ओपन' दाबा. जी खिडकी उघडते ती म्हणजे जवळजवळ पूर्ण फाइल एक्स्प्लोरर आहे. खालच्या यादीत 'टेक्स्ट डॉक्युमेंट्स' असेल ते बदलून 'ऑल फाइल्स' करा, नाहीतर काहीच दिसणार नाही आणि उगाच छातीत धस्स होईल.

डावीकडे 'धिस पीसी' निवडा. इथे ड्राइव्हची अक्षरं नेहमीसारखी नसतात. तुमचा सी ड्राइव्ह इथे डी होऊन बसलेला असू शकतो. एक्स नावाचा ड्राइव्ह तात्पुरता आहे, तो आपला नाही. ज्या ड्राइव्हमध्ये 'विंडोज' आणि 'यूझर्स' हे दोन्ही फोल्डर आहेत आणि 'यूझर्स'मध्ये तुमचं नाव आहे, तो आपला. अक्षर कागदावर लिहून ठेवा.

आता आपल्या नावाच्या फोल्डरमधलं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स यांपैकी एकेकावर राइट क्लिक करून 'कॉपी', आणि एक्स्टर्नल डिस्कवर जाऊन 'पेस्ट'. किती झालं, किती राहिलं हे दाखवणारी पट्टी इथे येत नाही. खिडकी गोठल्यासारखी वाटते. गोठलेली नसते, काम चालू असतं. चहा घ्या. डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबला की एफ५ दाबून यादी ताजी करा. लग्नाच्या व्हिडिओसारखी ४ जीबीपेक्षा मोठी फाइल कॉपी होत नसेल तर समोरची डिस्क फॅट३२ पद्धतीची आहे. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर एक्सफॅट करून आणावी लागेल, आणि तसं करताना तिच्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

जाता जाता 'कॉन्फिग' फोल्डरही पूर्ण कॉपी करून ठेवा. तो बिघडलेलाच आहे, तरी ठेवा. पुढे हातून काही चुकलं तर निदान आजच्या स्थितीला परत येता येईल.

कॉपी करताना एकाच फायलीपाशी पुन्हा पुन्हा अडकतंय, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येतोय? मग इथेच थांबा. डिस्क गेली आहे किंवा जायच्या बेतात आहे. नवी घ्यावी लागेल, तिच्यावर रजिस्ट्रीचे उपचार करण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: डिस्क तपासणी

नोटपॅड बंद करा. काळ्या खिडकीत टाइप करा: सी-एच-के-डी-एस-के, स्पेस, मघाशी लिहून ठेवलेलं ड्राइव्हचं अक्षर आणि त्याला चिकटून कोलन, स्पेस, स्लॅश आणि एफ. एंटर. ही चेक डिस्क. फाइल सिस्टिममधल्या चुका ती दुरुस्त करते, आणि कधीकधी एवढ्यानेच वाचता न येणारी हाइव्ह पुन्हा वाचता येते. काळ्या खिडकीत ई-एक्स-आय-टी टाइप करून बाहेर या आणि कॉम्प्युटर एकदा नेहमीसारखा सुरू करून बघा.

तिसरी पायरी: सिस्टिम रिस्टोअर

मेनूमधलं 'सिस्टिम रिस्टोअर' निवडा. मागच्या तारखांचे 'रिस्टोअर पॉइंट' दिसले तर तुमचं नशीब जोरावर आहे. बिघाडाच्या आधीची सर्वांत जवळची तारीख निवडा. यात रजिस्ट्री पूर्वीच्या स्थितीला जाते, तुमचे फोटो आणि फायली मात्र हलत नाहीत. त्या तारखेनंतर बसवलेलं सॉफ्टवेअर पुन्हा बसवावं लागेल, एवढंच. मध्ये वीज जाऊ देऊ नका. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा.

एकही पॉइंट नाही असं बऱ्याच घरी दिसतं, कारण ही सोय बंदच असते.

चौथी पायरी: कुठली हाइव्ह बिघडली ते शोधणं

हा भाग थोडा चिकट आहे, पण माझा आवडता. काळ्या खिडकीत टाइप करा: आर-ई-जी-ई-डी-आय-टी. रजिस्ट्री एडिटर उघडेल. इथे नवशिक्यांची हमखास फसगत होते. समोर दिसते ती तुमच्या कॉम्प्युटरची रजिस्ट्री नाहीच. ती या दुरुस्तीच्या पडद्याची स्वतःची तात्पुरती रजिस्ट्री आहे. तिच्यात काहीही बदललं तरी तुमच्या विंडोजला त्याचा पत्ता लागत नाही.

डावीकडे 'एचकी लोकल मशीन'वर एकदा क्लिक करून ते निवडा. मग 'फाइल' मेनूतून 'लोड हाइव्ह'. आपल्या ड्राइव्हवरच्या 'कॉन्फिग' फोल्डरात जाऊन 'सिस्टिम' ही फाइल उघडा. नाव विचारेल, टी-ई-एस-टी द्या. उघडली आणि आतल्या शाखा दिसल्या तर ती हाइव्ह निदान वाचता येते. त्या नव्या नावावर क्लिक करून 'फाइल' आणि 'अनलोड हाइव्ह' करायला विसरू नका. मग 'सॉफ्टवेअर', आणि मग उरलेल्या तिन्ही. ज्या फायलीवर लोड होत नसल्याची एरर येते, ती गुन्हेगार.

यात एक फायदा आणखी आहे. हाइव्ह लोड होताना लॉगमधलं अर्धवट राहिलेलं काम पुरं केलं जातं. त्यामुळे नुसतं लोड-अनलोड करूनही एखादं मशीन सुरू होतं.

पाचवी पायरी: रेगबॅक, असेल तर

'कॉन्फिग'च्या आत 'रेगबॅक' नावाचं फोल्डर असतं. विंडोज तिथे पाचही हाइव्हची प्रत काढून ठेवायचं, आणि जुने लेख तुम्हाला सरळ तिथे जायला सांगतील. ते २०१८ पर्यंत ठीक होतं. त्या वर्षीच्या १८०३ आवृत्तीपासून विंडोज १० ने ही प्रत काढणं बंद केलं, का तर डिस्कवरची जागा वाचावी म्हणून. फोल्डर आहे, फायलींची नावंही दिसतात, पण आकार शून्य केबी. त्या शून्याच्या फायली मूळ जागी टाकल्या तर उरलंसुरलंही जाईल. म्हणून आधी आकार बघा. विंडोज ९८ सुद्धा रजिस्ट्रीच्या पाच प्रती गुपचूप सांभाळायचं आणि 'स्कॅनरेग'ने त्यातली एक परत आणता यायची, हे आठवलं की वाईट वाटतं.

आकार खरा असेल, म्हणजे 'सिस्टिम' आणि 'सॉफ्टवेअर' काही एमबीच्या असतील आणि तारीख बिघाडाच्या आधीची असेल, तर पुन्हा नोटपॅडची 'ओपन' खिडकी उघडा. 'कॉन्फिग'मधल्या पाचही मूळ फायलींना राइट क्लिक करून 'रिनेम' करा आणि नावाच्या शेवटी 'ओल्ड' (ओ-एल-डी) जोडा. डिलीट करायचं नाही. मग 'रेगबॅक'मधल्या पाचही कॉपी करून 'कॉन्फिग'मध्ये पेस्ट करा. पाचही एकाच दिवसाच्या असू द्या, खिचडी करू नका. मध्ये तुम्ही कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला असेल तर जुना चालेल, कारण पासवर्डची नोंद 'सॅम'मध्ये असते आणि तीही मागे गेली आहे.

हे सगळं फसलं तर

'ट्रबलशूट'मध्ये 'रिसेट धिस पीसी' आहे. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडा. फायली राहतात, सॉफ्टवेअर जातं. इथे एक सावधगिरी. घरात कोणी जुन्या डॉंगलवर चालणारं देवनागरी डीटीपी किंवा हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरत असेल, तर त्याची सीडी आणि लायसन्स सापडतंय का ते आधी बघा. नंतर शोधाशोध करण्यापेक्षा रिसेट दोन दिवस पुढे ढकललेला बरा.

रिसेटही अर्ध्यात थांबला, तर मग पेन ड्राइव्हने नवं विंडोज बसवा. पण पार्टिशन निवडायच्या पडद्यावर 'फॉरमॅट' आणि 'डिलीट' या बटणांना हात लावू नका. जुनं पार्टिशन निवडून नुसतं 'नेक्स्ट'. मग जुना संसार 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरात बांधून ठेवला जातो. काही दिवसांनी तो आपोआप पुसला जातो, म्हणून लगेच कॉपी करून घ्या. मदरबोर्ड तोच असेल आणि विंडोज आधी रीतसर अ‍ॅक्टिव्हेट झालेलं असेल, तर ते इंटरनेट मिळाल्यावर बहुधा आपोआप पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट होतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. नव्याने बसवायचंच आहे आणि मशीन चालवू शकत असेल तर ११ बसवा.

रिकामा डेस्कटॉप उघडणाऱ्यांसाठी

हे मघाशी राहिलं होतं. 'एनटीयूझर' वाचता आली नाही की विंडोज तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये बसवतं. वॉलपेपर वेगळा, फोटो गायब. गायब झालेले नसतात, ते 'यूझर्स'मधल्या तुमच्या जुन्या फोल्डरात असतात. या तात्पुरत्या डेस्कटॉपवर काहीही सेव्ह करू नका, साइन आउट केलं की ते पुसलं जातं. आधी दोनदा रिस्टार्ट करा. कधीकधी अँटिव्हायरसने ती फाइल धरून ठेवलेली असते आणि दुसऱ्या खेपेला सोडते. तरीही तसंच राहिलं तर सेटिंग्जमधून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दर्जाचं नवं अकाउंट उघडा, त्यातून आत जा आणि जुन्या फोल्डरातून डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे नव्यात आणा. रजिस्ट्रीत हात घालून जुनी प्रोफाइल परत जोडता येते, पण पहिल्यांदाच करत असाल तर तो नाद सोडा.

मशीन सुरू झाल्यावर, त्याच दिवशी

स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा, सी ड्राइव्ह निवडा, 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन प्रोटेक्शन चालू करा, पाच-दहा टक्के जागा द्या आणि लगेच एक पॉइंट बनवा. दोन मिनिटांचं काम. स्टार्टमधूनच 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' चालवून रॅम तपासा. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकटचं सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. तिथे 'गुड'ऐवजी 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं तर नवी डिस्क घ्या, महिनाअखेरची वाट बघू नका. हार्ड डिस्क काढायची वेळ आलीच तर तिच्या जागी एसएसडी घाला.

रजिस्ट्री क्लीनर नावाचा जो प्रकार आहे तो बसवलेला असेल तर काढून टाका. त्याने कॉम्प्युटर वेगवान होत नाही, आणि असली सॉफ्टवेअरं वापरायला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. डेस्कटॉप असेल आणि तुमच्याकडे लाइट ये-जा करत असेल तर छोटा यूपीएस घ्या. आणि बिटलॉकरची ती ४८ आकड्यांची की कागदावर उतरवून गॅसच्या पासबुकाजवळ ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.